हनुवटी, गज आणि मायक्रोफोन

व्हायोलिन वाजवता वाजवता गायला गेले, की पहिली अडचण हनुवटीची येते. पाश्चात्त्य पद्धतीत हे वाद्य खांदा आणि जबडा यांच्यामध्ये धरले जाते. लुई श्पोर या जर्मन वादकाने १८२० च्या सुमारास वाद्यावर हनुवटीसाठी लाकडी आधार बसवला, तेव्हापासून ही पकड अधिकच पक्की झाली. जबडा असा अडकला, की तोंड उघडून मोकळा ‘आ’ लावणे जवळजवळ अशक्य होते. ओठ मिटून गुणगुणता येते, एवढेच. आपल्याकडचा वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक पायाच्या घोट्याजवळ टेकवतो आणि त्याचा गळा मोकळा राहतो. त्यामुळे गाणे आणि व्हायोलिन या दोन्हींवर हुकमत असलेले गजाननबुवा जोशी यांच्यासारखे कलावंत आपल्याला नवलाचे वाटत नाहीत. अमेरिकेतल्या गाणाऱ्या फिडलरला, म्हणजे गाता गाता व्हायोलिन वाजवणाऱ्याला, मात्र या एका शारीरिक गोष्टीपायी अनेक तडजोडी कराव्या लागतात, आणि त्याच्या गाण्याचा आकार बराचसा त्या तडजोडींतूनच ठरतो.

असा एखादा कलावंत आज स्वतः लिहिलेल्या, स्वतः चाली लावलेल्या गाण्यांचा अल्बम काढतो आणि त्या गाण्यांची धाटणी मात्र १९३० च्या दशकातल्या स्विंगची, म्हणजे झोकदार नाचाच्या जॅझची, आणि क्रूनिंगची, म्हणजे मायक्रोफोनजवळ हळुवार गाण्याची, ठेवतो. ऐकणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांतच कळते, की हे जुन्या वळणाचे आहे. पण ते जुने नेमके कशामुळे वाटते, हे सांगणे अवघड जाते. कोणी म्हणतो आवाज जुना आहे, कोणी म्हणतो वाद्ये जुनी आहेत. प्रत्यक्षात या संगीताचे जुनेपण त्या काळातल्या अडचणींमध्ये आहे. गायकाला किती मोठ्याने गावे लागे, व्हायोलिन तुताऱ्यांच्या गलक्यात ऐकू येई की नाही, एका रेकॉर्डवर किती मिनिटे मावत, या अगदी व्यावहारिक प्रश्नांची त्या काळात जी उत्तरे निघाली, त्यांनाच आपण आज शैली म्हणतो. नव्या गाण्यात ती उत्तरे ज्याला पुन्हा मनापासून देता येतात, त्याचे गाणे खरे वाटते.

त्याआधी एका शब्दाचा उलगडा केलेला बरा. फिडल आणि व्हायोलिन ही दोन वेगळी वाद्ये नाहीत. लाकूड तेच, तारा त्याच चार, गजही तोच. सिंफनी वाद्यवृंदात वाजले की व्हायोलिन, आणि नाचाच्या जागी, गावच्या जत्रेत, टेक्साससारख्या प्रांतातल्या वादनस्पर्धेत वाजले की फिडल. काही फिडलर तारांखालची घोडी थोडी सपाट करून घेतात, म्हणजे दोन तारा एकदम वाजवणे सोपे जाते. पण तो झाला बारीक फरक.

आता क्रूनिंग. १९२५ पूर्वी रेकॉर्डिंगसाठी मायक्रोफोन वापरात नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभा राहून गात असे, त्याच्या आवाजाच्या जोराने कर्ण्याच्या टोकाची चकती थरथरत असे आणि तिला जोडलेली सुई मेणावर खाच पाडत असे. या पद्धतीत फक्त दणकट आवाज टिकत. ऑपेराचे गायक टिकत, नाटकमंडळीतले गायक टिकत. हळू गाणाऱ्याचा तिथे निभाव लागत नसे. व्हायोलिनचीही तीच गत होती, म्हणून ऑगस्टस स्ट्रो याने १८९९ मध्ये व्हायोलिनच्या लाकडी पेटीऐवजी धातूचा कर्णा लावलेले एक चमत्कारिक वाद्य बनवले आणि रेकॉर्डिंगच्या खोल्यांमध्ये ते बरीच वर्षे वापरले गेले. १९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी विजेवर चालणारी रेकॉर्डिंगची पद्धत स्वीकारली आणि मायक्रोफोन आला. आधी सुमारे २००० हर्ट्झच्या वरचे फारसे काही पकडले जात नव्हते; आता ही मर्यादा ५००० च्या आसपास गेली. या आकड्यांचा अर्थ असा, की ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने, श्वासाचा सुस्कारा, ओठ उघडण्याचा बारीक आवाज हे सगळे पहिल्यांदाच ऐकणाऱ्याच्या घरात पोहोचू लागले.

गायकाला आता शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज उरली नाही. तो मायक्रोफोनच्या कानात गाऊ लागला, आणि घरी रेडिओजवळ बसलेल्या माणसाला तो आपल्याच कानात गात असल्यासारखा वाटू लागला. याचे नाव क्रूनिंग. मूळ शब्दाचा अर्थ गुणगुणणे, अंगाई म्हटल्यासारखे पुटपुटत गाणे. जीन ऑस्टिन आणि ‘व्हिस्परिंग’ जॅक स्मिथ हे या रीतीचे सुरुवातीचे मानकरी. रुडी व्हॅली तर सभागृहात मायक्रोफोन नसे तेव्हा हातात भोंगा धरून गात असे, कारण त्याचा मूळ आवाज तेवढा नाजूक होता. हे गाणे सगळ्यांना रुचले असे मात्र नाही. बोस्टनचे कार्डिनल विल्यम ओकॉनेल यांनी १९३२ मध्ये क्रूनर मंडळींवर जाहीर टीका केली. अनोळखी पुरुषाचा इतका जवळचा, इतका खासगी आवाज सभ्य घराच्या दिवाणखान्यात येणे हे त्या काळाला धक्कादायक वाटले असले, तर त्यात आश्चर्य नाही.

मराठी श्रोत्याला हा बदल समजायला जड जाऊ नये. मायक्रोफोनशिवाय नाट्यगृह भरून टाकणारे नाट्यसंगीत आणि त्यानंतरच्या काळात जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांच्या तोंडून रेकॉर्डवर आणि सभांमध्ये ऐकू आलेले हळुवार भावगीत, यांच्यात आवाज लावण्याचा जो फरक आहे, त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी हेच यंत्र आहे. दोन्ही खंडांत एकाच यंत्राने गळ्याला मऊ व्हायची मुभा दिली.

अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बी याच्या नावाशी क्रूनिंग कायमचे जोडले गेले, आणि गाणाऱ्या फिडलरच्या दृष्टीने त्याच्या चरित्रातली एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो पॉल व्हाइटमन यांच्या मोठ्या वाद्यवृंदात गात होता. १९२९ मध्ये त्याच वाद्यवृंदात जो व्हेन्युटी हा व्हायोलिनवादक आणि एडी लँग हा गिटारवादक दाखल झाले. हे दोघे फिलाडेल्फियातले बालमित्र, आणि जॅझमध्ये व्हायोलिनला मानाची जागा पहिल्यांदा मिळवून दिली ती व्हेन्युटीने. पुढे क्रॉस्बी एकटा गाऊ लागला तेव्हा लँग त्याचा साथीदार झाला आणि १९३३ मध्ये वयाच्या तिशीतच झालेल्या मृत्यूपर्यंत तो त्याच्याबरोबर होता. म्हणजे जी गिटार व्हायोलिनच्या मागे वाजत होती, तीच पुढे क्रूनरच्या मागे वाजली. आज एखादा फिडलर क्रूनिंग करतो तेव्हा दोन लांबच्या गोष्टींची मोट बांधतो असे वाटू शकते, पण त्या दोन गोष्टी एकाच व्यासपीठावर शेजारी शेजारी वाढल्या आहेत.

या व्हेन्युटीची एक करामत पाहण्यासारखी होती. गजाचा स्क्रू सोडून तो केस मोकळे करी, काठी व्हायोलिनच्या पोटाखालून नेई आणि केस चारही तारांवरून गुंडाळून वाजवी. एरवी गज एका वेळी दोन तारांना नीट भिडतो. या युक्तीने चारही तारा एकदम बोलत आणि व्हायोलिनमधून छोट्या ऑर्गनसारखा भरीव आवाज निघे. तो गमतीचा प्रकार खरा, पण गमतीमागे गरज होती. एकट्या बारीक आवाजाच्या वाद्याला तुताऱ्या, सॅक्सोफोन आणि ढोल यांच्यात आपली जागा करून घ्यायची होती.

स्विंग म्हणजे काय, हे समजावणे त्याहून अवघड आहे, कारण ते कागदावर लिहिता येत नाही. एक मात्रा घ्यावी आणि तिचे दोन भाग करावेत. पाश्चात्त्य शास्त्रीय वादक ते सारखे करील. स्विंग वाजवणारा मात्रेचे मनातल्या मनात तीन तुकडे करतो, दोन तुकडे पहिल्या स्वराला देतो आणि उरलेला एक दुसऱ्याला. त्यामुळे लांब-आखूड, लांब-आखूड अशी चाल येते. टांगा रमतगमत चालला की घोड्याच्या टापांना जो एक झोक येतो, तसा. पण हे दोनास एक प्रमाणही पक्के नसते. लय संथ असेल तर पहिला स्वर आणखी लांबतो, तिनास एकपर्यंत जातो. लय फार जलद असेल तर दोन्ही भाग जवळजवळ सारखे होतात. प्रत्येक वादकाचा झोक वेगळा असतो आणि जाणकार त्यावरूनच वादक ओळखतात.

दुसरी खूण टाळीची. चार मात्रांच्या आवर्तनात आपला हात आपोआप पहिल्या मात्रेवर पडतो. समेवर टाळी देण्याची आपली सवयच आहे. स्विंगमध्ये श्रोत्याने चुटकी वाजवायची ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. डबल बास चारही मात्रांवर पाऊल टाकत वर-खाली चालत राहतो, गिटार प्रत्येक मात्रेवर कोरडा, तुटक आघात देते, आणि ढोलवादकाच्या पायाखालच्या झांजा दुसऱ्या-चौथ्या मात्रेला मिटतात. एखाद्या मैफलीत पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर टाळ्या वाजू लागल्या, तर व्यासपीठावरच्या वादकांच्या कपाळावर सूक्ष्म आठी उमटते. आपल्यासारख्यांच्या हातून हे हमखास होते.

या झोकावर व्हायोलिन कसे बसते, हा प्रश्न गजाचा आहे. शास्त्रीय शिक्षणात मात्रेच्या सुरुवातीला गज खाली ओढायचा, असे हाताला वळण लागलेले असते. तसेच वाजवले तर स्विंग कवायतीसारखे ऐकू येते. स्विंगचा फिडलर आखूड स्वरावर गज बदलतो आणि त्याच ओढीत पुढच्या मात्रेचा लांब स्वर घेतो. म्हणजे गजाचे टोक मात्रेच्या अलीकडे पडते आणि मात्रा स्वतः हळूच सरकत येते. जोर आखूड स्वरावर, मात्र तो स्वर अर्धवट गिळलेला. शिवाय कंप. शास्त्रीय वादक स्वर लावताक्षणी कंप देतो. जुन्या जॅझचा वादक स्वर सरळ, कोरा लावतो आणि तो संपत आला की शेवटी थोडा कंप देतो. क्रूनरही नेमके हेच करतो. शब्द सरळ ठेवतो, ओळीच्या शेवटच्या स्वरावर आवाज किंचित हलवतो, आणि स्वराच्या जरा खालून मींड घेत वर येतो. गळा आणि गज यांची ही सवय एकच असल्यामुळे एकाच कलावंताच्या दोन्ही गोष्टी एकमेकींना शोभतात.

स्टफ स्मिथ हा गाणाऱ्या फिडलरांच्या घराण्याचा खरा मूळपुरुष म्हणावा लागेल, कारण तो वाजवी तितक्याच बिनधास्तपणे गाई. ओहायोत १९०९ मध्ये जन्मलेल्या या वादकाने १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या ५२ व्या रस्त्यावरचा ओनिक्स क्लब गाजवला. त्याच्या व्हायोलिनला आवाज वाढवणारे विजेचे पिकअप होते, त्यामुळे साथीदार जोना जोन्सच्या ट्रंपेटसमोर त्याला दबून राहण्याचे कारण नव्हते, आणि वाजवणे असे ठसकेबाज, की गजाने ढोल वाजवतो आहे असे वाटावे. त्याच सुमारास पॅरिसमध्ये मात्र याच्या अगदी उलट उत्तर सापडले होते. १९३४ मध्ये गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांनी जो पंचक ताफा उभा केला, त्यात तीन गिटार, एक बास आणि एक व्हायोलिन होते. तुतारी नाही, ढोल नाही. गलकाच नसेल तर व्हायोलिनला ओरडावे कशाला लागेल? ढोलाचे काम गिटारच्या आघातांनी केले आणि ग्रापेलीचा रेशमी स्वर वर तरंगत राहिला. आज जुन्या वळणाचा अल्बम करणारे बहुतेक फिडलर आपला ताफा या पॅरिसच्या नमुन्यावर बेततात, त्यामागे प्रेम आहे तसा हिशेबही आहे: चार-पाच माणसे, एक खोली, कमी खर्च.

तिसरे उत्तर टेक्सासचे. तिथे फिडल हे नाचाचे मुख्य वाद्य होतेच, त्यामुळे त्याला जागा मागण्याचा प्रश्न आला नाही. फोर्ट वर्थच्या परिसरात मिल्टन ब्राउन याने फिडलच्या ताफ्यात जॅझ आणले. १९३६ मध्ये मोटार अपघातानंतर तो गेला, नाहीतर या प्रकाराचा राजा कोण यावर आज वाद झाला असता. ते पद बॉब विल्स या फिडलरकडे गेले. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात केन्स बॉलरूममधून त्याच्या ताफ्याचे कार्यक्रम रेडिओवर जात. दोन-तीन फिडल एकदम, जणू सॅक्सोफोनची रांगच, असा हा थाट. पण विल्सने गाण्याची मुख्य जबाबदारी टॉमी डंकनकडे सोपवली, आणि डंकनच्या मऊ गळ्यावर क्रॉस्बीची छाया स्पष्ट आहे. विल्स स्वतः मधूनमधून हाका मारी, आरोळ्या देई, साथीदाराचे नाव घेऊन त्याला पुढे बोलावी. फिडल वाजवता वाजवता आरोळी देता येते. तिला हनुवटीची अडचण नाही. टेक्सासच्या विधिमंडळाने २०११ मध्ये वेस्टर्न स्विंग नावाच्या या प्रकाराला राज्याचे अधिकृत संगीत म्हणून मान्यता दिली.

गाणारे व्हायोलिनवादक इतरत्रही होते. जॅझ वाद्यवृंदाचे प्रमुख ड्यूक एलिंग्टन यांच्याकडे १९४० मध्ये आलेला रे नॅन्स ट्रंपेट वाजवी, व्हायोलिन वाजवी, गाई आणि नाचेही, म्हणून त्याचे टोपणनावच ‘फ्लोअरशो’ पडले. डेन्मार्कचा स्वेंड आस्मुसेन शंभरहून अधिक वर्षे जगला आणि युरोपातल्या रंगमंचांवर गाणे, व्हायोलिन व थट्टा यांची भेळ करत राहिला. एलिंग्टन यांनी १९६३ मध्ये पॅरिसमध्ये तीन तंतुवादकांना एकत्र बसवून रेकॉर्डिंग केले, तेव्हा ग्रापेलीच्या शेजारी हे दोघेच होते.

मुंबईचाही या कथेशी खरा संबंध आहे, आणि तोही व्हायोलिनमधूनच. १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा जॅझ ताफा घेऊन आलेला लिऑन ॲबी हा स्वतः व्हायोलिनवादक होता. त्या काळात मुंबईत गोव्याचे अनेक वादक होते. चर्चच्या शाळेत मेस्तांकडून, म्हणजे संगीतशिक्षकांकडून, लहानपणीच सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणे) आणि व्हायोलिन शिकलेल्या या मंडळींना नोटेशन वाचता येई, त्यामुळे रात्री हॉटेलात स्विंग आणि दिवसा चित्रपटांच्या वाद्यवृंदात काम असा त्यांचा संसार चाले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे ट्रंपेटवादक सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करत होते, आणि हेच सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, स्वतः गात तेव्हा त्यांच्या हलक्या, खोडकर गळ्यात मायक्रोफोनचा पुरेपूर फायदा घेतलेला दिसतो.

आता नवे गाणे कसे बांधायचे, ते पाहू. त्या काळच्या दहा इंची रेकॉर्डची एक बाजू साधारण तीन मिनिटांची असे, आणि गाण्याचा साचा ३२ बारांचा: आठ बारांची एक चाल, तीच पुन्हा, मग आठ बारांचा वेगळा तुकडा, ज्याला तिकडे पूल म्हणतात आणि आपण अंतरा म्हणू शकतो, आणि शेवटी पुन्हा पहिली चाल. एका बारात चार मात्रा, म्हणजे पूर्ण फेरी १२८ मात्रांची. मिनिटाला १६० मात्रांची नाचाची लय धरली तर एक फेरी ४८ सेकंदांत संपते. तीन फेऱ्या दोन मिनिटे चोवीस सेकंदांत बसतात आणि सुरुवातीला व शेवटी चार-चार बार जोडले तरी रेकॉर्ड पुरते. म्हणून अशा गाण्यात एक फेरी गायची, एक फिडलवर वाजवायची, तिसरी पुन्हा गायची, हे सहज जमते. क्रूनिंगची लय मात्र मिनिटाला ८० मात्रांची. तिथे एकच फेरी ९६ सेकंद खाते आणि तीन-सव्वातीन मिनिटांत जेमतेम दोन फेऱ्या बसतात. मग गायक एक फेरी पूर्ण गातो, पुढच्या फेरीच्या पहिल्या दोन चाली फिडल घेते आणि गायक अंतऱ्यापाशी परत येतो. जुन्या रेकॉर्डवर गायक मध्येच अंतऱ्यापासून का उचलतो, असा प्रश्न पडलेल्यांना त्याचे उत्तर या गणितात सापडेल. आज डिजिटल अल्बमला वेळेचे बंधन नाही, तरी चांगला गीतकार हे बंधन स्वतःवर लादून घेतो. पाच मिनिटांचे क्रूनिंग म्हणजे साखरेच्या पाकात पडलेला माणूस.

या साच्यामुळे हनुवटीचा प्रश्नही आपोआप सुटतो. गाणे आणि वादन आळीपाळीने येते; ओळ संपली की तिच्या शेवटच्या स्वरावर दोन बार रिकामे असतात, तेवढ्यात वाद्य खांद्यावर चढवून उत्तर द्यायचे आणि पुढच्या ओळीला उतरवायचे. काही फिडलर जुन्या खेडुतांप्रमाणे वाद्य छातीवर किंवा दंडावर टेकवतात, म्हणजे हनुवटी लागतच नाही. मात्र मग डावा हात वरच्या स्वरांपर्यंत मोकळेपणाने जात नाही. काही जण गाताना फिडल गिटारसारखे आडवे धरून बोटांनी तारा छेडतात. स्वरांच्या उंचीचाही विचार करावा लागतो. व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर १९६ हर्ट्झचा, आणि क्रूनिंग करणाऱ्या पुरुषाचा आवाज नेमका त्याच्या आसपास फिरतो. गाण्याखाली जाड तारेवर फिडल वाजवले, तर दोघे एकमेकांच्या पायात येतात. म्हणून उत्तर वरच्या तारांवर द्यायचे आणि जाड तार एकट्या फिडलच्या फेरीसाठी राखून ठेवायची.

स्टुडिओत खरी परीक्षा होते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आरसीए कंपनीने रिबन मायक्रोफोन आणले. लोहचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ॲल्युमिनियमची केसाहून पातळ, चुण्या पाडलेली पट्टी टांगलेली, आणि हवेच्या हालचालीबरोबर ती हलली की वीज निर्माण होते. या मायक्रोफोनला पुढचे आणि मागचे ऐकू येते, बाजूचे जवळजवळ ऐकू येत नाही. शिवाय त्याच्या अगदी जवळ गेले की आवाजातले खर्जाचे अंग फुगते. क्रूनरच्या आवाजाला जी मखमल येते, तिचा बराचसा भाग या भौतिक नियमाचा आहे. गाणारा फिडलर अशा एका मायक्रोफोनसमोर उभा राहतो: गाताना वीतभर अंतरावर, वाजवताना दोन पावले मागे आणि जरा तिरका, कारण गजाच्या खरखरीवर त्या पट्टीची फार मर्जी नसते. गिटारवादक बाजूच्या बहिऱ्या कोनात बसतो, बास समोर दूर. आवाजांचा तोल यंत्रावरच्या खटक्यांनी साधायचा नाही, पावलांनी साधायचा. एक पाऊल चुकले, की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे.

याऐवजी आधी गाणे आणि नंतर वेगळे फिडल असे दोनदा रेकॉर्ड करून जोडता येते, आणि अनेक जण तसे करतात. गंमत म्हणजे ज्या चुंबकीय फितीने हे शक्य केले, तिच्या प्रसारामागे क्रॉस्बीच होता. १९४७ मध्ये तो आपला रेडिओ कार्यक्रम फितीवर ध्वनिमुद्रित करू लागला आणि फितीची यंत्रे बनवणाऱ्या अँपेक्स कंपनीला त्याने पन्नास हजार डॉलर दिले. जोडून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाच्या ओळीखाली त्याचीच फिडल सतत वळवळू लागते. कान फसतो, पण श्वास फसत नाही. एकाच माणसाच्या श्वासाने ओळ संपते आणि गज उचलला जातो, तो धागा तुटतो. माझ्या मते अशी जोड एखाद-दुसऱ्या गाण्यात क्षम्य आहे. त्याहून न आवडणारी गोष्ट म्हणजे नव्या रेकॉर्डवर मुद्दाम घातलेली खरखर. त्या काळच्या कलावंतांनी खरखर घालवण्यासाठी आयुष्य वेचले होते.

शब्दांचे काय? या गाण्यांची भाषा बोलीच्या जवळची, पण आत यमकांचे बारीक विणकाम असलेली. चंद्र, जून महिना, हृदय ही जुनी नाणी अजून चालतात. पण नव्या गीतकाराने तीच वापरली तर गाणे संग्रहालयातले होते, आणि मोबाइल फोन घातला तर विडंबन होते. मधली वाट अशी, की भावना आजची असावी आणि ती सांगण्याचा संकोच मात्र त्या काळचा असावा. क्रूनर कधीच सगळे सांगत नाही. तो मात्रेच्या किंचित मागे राहून शब्द टाकतो, जणू सांगावे की नाही या विचारात आहे.

हे सगळे एका माणसाने कसे पचवले, याचे चांगले उदाहरण शिकागोजवळच्या लेक फॉरेस्टमध्ये १९७३ मध्ये जन्मलेल्या अँड्र्यू बर्डचे. सुझुकी पद्धतीने तो लहानपणी कानाने व्हायोलिन शिकला, १९९६ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून व्हायोलिनवादनाची पदवी घेऊन बाहेर पडला, आणि १९९८ व १९९९ मध्ये ‘बोल ऑफ फायर’ या ताफ्यासह त्याने जे दोन अल्बम केले, त्यांत बहुतेक गाणी त्याची स्वतःची आणि थाट दोन महायुद्धांमधल्या काळाचा होता. तेव्हा अमेरिकेत स्विंगची मोठी लाट आली होती, रुंद पाटलोणी आणि टोप्या घालून लोक नाच शिकत होते. लाट ओसरली तेव्हा तिच्याबरोबर अनेक ताफे वाहून गेले. बर्डने मात्र पुढच्या अल्बमांमध्ये जुना पोशाख उतरवला. बोटांनी छेडलेल्या व्हायोलिनचे छोटे तुकडे यंत्रावर फिरते ठेवून त्यांवर तो गाऊ लागला, शीळ घालू लागला. तरी ओळीच्या शेवटी स्वर सरळ ठेवून मग हलकासा हलवणे आणि मात्रेच्या मागे रेंगाळणे त्याच्या गळ्यात ऐकू येते.

अशा अल्बममधले गाणे संपते कसे, तेही ठरलेले आहे. शेवटची ओळ तीनदा येते. दोनदा स्वरांची साखळी घराच्या उंबऱ्यापाशी येऊन परत फिरते, तिसऱ्यांदा आत शिरते. शेवटच्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या मेळात, साध्या तीन स्वरांवर सहावा स्वर ठेवलेला असतो, त्यामुळे शेवट पूर्ण बंद न होता किंचित किलकिला राहतो. गायक तोंड मायक्रोफोनपासून दूर नेतो, फिडल खांद्यावर चढते, आणि सर्वांत बारीक तारेवर बोट नुसते टेकवून काढलेला एक शिट्टीसारखा स्वर गजाच्या टोकापर्यंत ओढला जातो. गज संपला की गाणे संपले.